सिनेमाच्या सिस्टर

पाण्याच्या टाकीपाशी आलो आणि स्ट्रेचरवरच्या पेशंटला शिंक आली.

साधीसुधी नव्हे, चांगली दणदणीत. तोंडावरची चादर वीतभर उडाली आणि परत बसली. आमच्या मागून चालत आलेली चाळीसेक माणसं आधी गप्प झाली, मग एकदम खो खो हसायला लागली. वन्सं मात्र जराही बधल्या नाहीत. त्यांनी चादर सारखी केली आणि गर्दीकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हसताय काय? परवाचा शो बघून आलेत हे. अंगातली हुडहुडी अजून गेलेली नाही!"

"मग आम्ही काय पांघरूण घेऊन यायचं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पांघरूण आणा, शेजाऱ्यालाही आणा. एकट्यानं बघण्यासारखा नाही तो सिनेमा."

पुन्हा हशा. चादरीखालून पेशंट कुरकुरला, "पावडर नाकात गेली हो ताई. केवढी थापलीत!"

"बेशुद्ध माणसानं बोलू नये," वन्सं ओठ न हलवता म्हणाल्या. "ढकल गं."

मी ढकललं. चाकांचं स्ट्रेचर, पुढे वन्सं, मागे मी, दोघींच्या अंगावर पांढरे कपडे, डोक्यावर कांजी केलेल्या टोप्या. स्ट्रेचरच्या दोन्ही बाजूंना पाट्या लटकवलेल्या: 'यांनी जिन्याखालचा पाहुणा पाहिला. तुमची हिंमत आहे?' पेशंट म्हणजे आमच्या थिएटरचा डोअरकीपर. पन्नाशीचा, काडीसारखा, म्हणून ढकलायला हलका. सकाळी तो पेशंट असायचा आणि दुपारी भूत. 'जिन्याखालचा पाहुणा' हा चित्रपट मुका होता, त्यामुळे खेळ सुरू झाला की तो पडद्यामागे जाऊन पत्रा हलवून ढग गडगडवायचा आणि एक जुनं दार कुरकुरवायचा. भूत यायची वेळ झाली की घशातून असा काही आवाज काढायचा, की पुढच्या रांगा मागे सरकायच्या.

टाकीपासून रस्ता फुटत होता. उजवीकडे गेलं की बाजार. सरळ गेलं की हॉस्पिटलचं फाटक आणि मग बाजार. मॅनेजरांनी त्या दिवसापासून सरळच जायला बजावलं होतं. हॉस्पिटलवरून स्ट्रेचर गेलं की लोकांना दुप्पट धडकी भरेल, असं त्यांचं म्हणणं. पण वन्संनी पुढचं चाक उजवीकडे वळवलं.

"ताई, सरळ," पेशंट म्हणाला.

"झोपून तुम्हाला काय दिसतंय?"

"चादर पातळ आहे. विजेच्या तारा सरळ चालल्यात आणि आपण वळतोय."

वन्सं थांबल्या. मघाशी चाळीस माणसांना हसवणाऱ्या त्या बाईचा चेहरा पार उतरला होता. "मला तिकडून नाही जायचं गं," त्या मला हळूच म्हणाल्या. "तिथं खऱ्या आहेत."

हे नीट समजायचं तर थोडं मागचं सांगायला हवं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी यजमान गेले आणि त्या माहेरी परत आल्या. रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घरात दोन महिने भांडी लख्ख घासली आणि तिसऱ्या महिन्यात थिएटरच्या बायकांच्या तिकीट खिडकीवर जाऊन बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?" वन्सं म्हणाल्या, "लोक म्हणतील, पुढच्या रांगेतलं द्या."

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या खिडकीवर मुरल्या होत्या. मग हा भुताचा चित्रपट आला आणि मॅनेजरांच्या डोक्यात एकेक कल्पना यायला लागल्या. लॉबीच्या कोपऱ्यात पांढरी खाट टाकली. तिच्यावर नवसागर आणि चुन्याची, नाकाला झोंबणारी बाटली टांगली. आत जाण्यापूर्वी एका कागदावर सही करायची: 'माझ्या काळजाची जबाबदारी माझी.' आठव्या रांगेतली एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवून तिच्यावर पाटी लावली, 'इथला माणूस परत आला नाही.' खरं म्हणजे ती खुर्ची मोडकी होती. आणि या सगळ्यावर कळस म्हणून एक नर्स हवी होती. मॅनेजरांनी तिकीट खिडकीत बघितलं. वन्संची उंची, सरळ नाक आणि ती नजर. दूधवालासुद्धा त्या नजरेपुढे माप भरून द्यायचा. काम तिथंच ठरलं.

नर्सचं मुख्य काम नाडी बघणं. आत जाताना प्रत्येकाचं मनगट धरायचं, घड्याळात बघायचं, कार्डावर ठोके लिहायचे. सुटल्यावर पुन्हा. आधीचे आणि नंतरचे यातला फरक बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा: 'कालचा सर्वांत मोठा धक्का: बेचाळीस ठोके!' लोकांना याचं भारी वेड लागलं. कार्ड घरी नेऊन दाखवायचे. एकाच्या कार्डावर फक्त सहाचा फरक आला तर त्याची बायको वन्संशी भांडायला आली, "माझा माणूस एवढा निगरगट्ट नाही, परत बघा!"

बायकांच्या बाजूची तर वेगळीच मजा. तिसऱ्या रिळात जिन्याखालून तो हात निघाला की झाडून सगळ्या बायका पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालायच्या. चपला राहायच्या खाली. खेळ सुटल्यावर जिला जी सापडेल ती घालून जायची. वन्संनी एका खोक्यात एकट्या चपला जमवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जोड शोधायला आलेल्या बाईला त्या म्हणायच्या, "आलाच आहात तर बघून जा पुन्हा. पाय खाली ठेवा या खेपेला."

इथवर सगळं गमतीचं होतं. अडचण कपड्यांची होती. ते पांढरे कपडे घालूनच वन्सं घरी यायच्या, कारण थिएटरात कपडे बदलायला जागा नव्हती. पंधरा दिवसांत आमच्या गल्लीनं त्यांना सिस्टर करून टाकलं. कुणाच्या पोराला ताप, कुणाच्या आजोबांचा खोकला, कुणाचं भाजलेलं बोट. "सिस्टर, जरा बघता का?" वन्सं पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, मी सिनेमातली." तर लोक म्हणाले, "म्हणजे तर फारच हुशार असणार!" आता बोला. त्या प्रत्येकाला हॉस्पिटलात धाडायच्या. एका आजोबांना तर हाताला धरून नेलं आणि फाटकाच्या बाहेरूनच परत आल्या.

त्या दिवशी जेवताना घास हातात धरून त्या मला म्हणाल्या होत्या, "लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ना, ती मी चोरलेली आहे गं. मला ती परत द्यायचीय, नाहीतर कमवायची तरी आहे." सासूबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "या वयात कमवून काय दिवे लावायचेत?" वन्सं ताट घेऊन उठल्या. चौथीतून त्यांना काढलं होतं, धाकट्या भावाला सांभाळायला. तो भाऊ म्हणजे माझा नवरा. तो शिकला, मी मॅट्रिक झालेली सून म्हणून घरात आले, आणि घरात शिक्षणाचा विषय निघाला की वन्संना नेमकं पाणी तापवायचं आठवायचं.

त्या सकाळी दुसरी नर्स होणारी मुलगी आलीच नाही, म्हणून वन्संनी मला ओढून नेलं. निघण्यापूर्वी मी देवापुढे हात जोडले आणि मनात सांगितलं, देवा, हे सोंग आहे, तू खरं धरू नकोस.

तर पेशंटच्या हट्टापायी आम्ही सरळ गेलो. फाटकापाशी पोचलो, आणि नेमक्या तेव्हाच हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर बाहेर येत होत्या. ठेंगण्या, गोल चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्या थेट रस्त्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"कुठल्या हॉस्पिटलच्या तुम्ही?"

वन्संनी टोपी चाचपली. शेवटी म्हणाल्या, "आम्ही सिनेमाच्या."

"दिसतंच आहे. टोपी मागची पुढे घातलीय." त्यांनी पाटी वाचली. मग चादरीचं टोक उचललं. पेशंटनं एक डोळा उघडला आणि झोपल्या झोपल्या हात जोडले.

"हे कधी गेले?"

"अजून नाही बाई," तोच म्हणाला. "सिनेमासारखी मलाही गुरुवारपर्यंत मुदतवाढ मिळालीय."

मागची गर्दी हसली. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत, पण त्यांच्या चष्म्यात काहीतरी हललं. "नाडी बघता म्हणे तुम्ही तिथं. आमच्या वॉर्डातल्या मुली कार्डं दाखवत होत्या. दाखवा कशी बघता."

वन्संनी पेशंटचं मनगट उचललं, अंगठा ठेवला, घड्याळात बघायला लागल्या.

"अंगठा?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"चुकलं का?"

"अहो, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. तुम्ही त्यांची नाडी मोजतच नाही आहात. स्वतःची मोजताय."

वन्संनी अंगठा उचलून डोळ्यांसमोर धरला. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू काय उगवलं ते मला अजून दिसतं. "म्हणजे तीन आठवडे... सगळ्या गावाची कार्डं..."

"तुमची."

"तरीच! खेळ सुटला की मी बाल्कनीच्या जिन्यावरून धावत खाली येते हो. मग वाढणारच ना ठोके! आणि ते बेचाळीस... त्या दिवशी तर झुरळ होतं जिन्यावर!"

यावर मात्र मोठ्या सिस्टरांचा बांध फुटला. फाटकाला धरून हसल्या. पेशंट उठून बसला आणि हसला. मी तर डोळे पुसत होते. गर्दीतला एक माणूस कार्ड काढून ओरडला, "म्हणजे मी घाबरलोच नव्हतो! मी सांगत होतो घरी!"

हसणं ओसरल्यावर मोठ्या सिस्टरांनी वन्संची पहिली दोन बोटं धरली आणि पेशंटच्या मनगटावर, अंगठ्याच्या रेषेत, खोलगट जागी ठेवली. "हलकं दाबा. थांबा. घाई नको." वन्सं डोळे मिटून उभ्या होत्या. "लागली," त्या एकदम म्हणाल्या, इतक्या हळू की जणू चिमणी हाताशी आलीय. आज ऐंशी ओलांडल्यावरही माझं मनगट धरताना त्या अंगठा मुद्दाम लांब ठेवतात आणि मला डोळा मारतात.

"शिक्षण किती?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"चौथी."

"वय?"

"तेहेतीस."

"सातवीचा दाखला आणा. पस्तिशीच्या आत. नर्सिंगच्या वर्गात घेते. मनगट धरायला मी कुणालाही शिकवीन. चाळीस टवाळ माणसं पाठीवर घेऊन सरळ चालणं मला शिकवता येत नाही." एवढं बोलून त्यांनी वन्संच्या टोपीची पिन काढली, टोपी फिरवून पुन्हा लावली आणि निघून गेल्या.

बाजारातून थिएटरपर्यंत वन्संनी एक घोषणा केली नाही. पेशंटच चादरीखालून ओरडत राहिला, "तीन वाजताचा खेळ! घाबरा, घाबरा!"

तीनचा खेळ खच्चून भरला. दारात वन्संनी आज दोन बोटांनीच नाड्या मोजल्या. मला वन्संनी लॉबीत थांबवून घेतलं होतं. दिवे मावळले, पडद्यावर नुसती नावं आली होती, पडद्यामागे पहिला ढग गडगडला, आणि बायकांच्या बाजूला धप्प असा आवाज झाला. पाचव्या रांगेतली एक बाई खुर्चीवरून घसरून खाली पडली होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! जाहिरातीचाच भाग आहे असं त्यांना वाटलं. "आता नर्स येणार!" कुणीतरी म्हणालं. आम्ही धावत आत शिरलो तेव्हा तर शिट्ट्यांचा पाऊस पडला. देवानं सोंग खरं धरलं की काय?

वन्सं खाली वाकल्या. बाईचा चेहरा कागदासारखा झाला होता. "दिवे लावा!" त्या ओरडल्या. लोक म्हणाले, "वा! काय काम करते!" दिवे काही लागेनात. वर मशीनवाल्यालाही वाटलं नाटकच चाललंय. पडद्यामागे डोअरकीपर मन लावून पत्रा बडवत होता. वन्सं पडद्याकडे तोंड करून कडाडल्या, "अहो, ते ढग बंद करा आधी! इथं बाई खरी पडलीय!"

ढग मधेच थांबला. पडद्याखालून पावडर लावलेलं डोकं बाहेर आलं, ते बघून पुढच्या रांगेतले दोघं तिघं उठून पळाले. पण गलका थांबला. दिवे लागले.

"मागे व्हा. वारा येऊ द्या. तू हिचे पाय मांडीवर घे, उंच." मी घेतले. कुणीतरी ती झोंबरी बाटली पुढे केली, वन्संनी ढकलून दिली. दोन बोटं मनगटावर ठेवली. सकाळपासून त्या बोटांनी बघितलेल्या नाड्या सगळ्या हसणाऱ्या, धडधाकट माणसांच्या होत्या. माझ्या तोंडात देवाचं नाव होतं आणि डोळे त्या बोटांवर. सगळं थिएटर आता इतकं शांत, की वर मशीनची फरफर ऐकू येत होती.

"आहे," वन्सं म्हणाल्या. "बारीक आहे, पण आहे." आणि मोजायला लागल्या. आपले ठोके नव्हेत, तिचे.

मिनिटभरानं बाईनं डोळे उघडले. वर दोन पांढऱ्या टोप्या बघून म्हणाली, "सुरू झालं का?"

"काय खाल्लंय सकाळपासून?"

"वेळ कुठला हो! स्वयंपाक, धुणं, मुलांचं, सासऱ्यांचं... सगळं आवरून तीनचा खेळ गाठला. म्हटलं परत जाऊन जेवू."

तिला लॉबीतल्या खाटेवर नेलं. तीन आठवड्यांत त्या खाटेवर पहिल्यांदाच कुणी निजलं. दूध आणि पाव दिला. अर्ध्या तासात ती तरतरीत होऊन आत जायला निघाली. कितीही समजावलं तरी ऐकेना. "त्या हातासाठी आलेय मी, तो बघितल्याशिवाय जायची नाही."

तेवढ्यात मॅनेजर खडू घेऊन फळ्याकडे धावले. "आज लिहितोच! 'प्रेक्षक बाई बेशुद्ध! नर्सनं प्राण वाचवले!' सिस्टर, आता आणखी चार आठवडे उतरत नाही चित्रपट!"

वन्सं फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "ती भुतानं पडली नाही. भूत अजून आलंच नव्हतं. उपाशी होती म्हणून पडली."

"ते कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. खोटे ठोके लिहिले ते माहीत नव्हतं म्हणून. आता माहिती आहे. लिहायचंच असेल तर लिहा, घरातलं सगळं आवरून बायका उपाशीपोटी सिनेमाला येतात."

"यानं कोण घाबरणार?"

"नवरे घाबरतील."

लॉबीतली माणसं हसली. मॅनेजर हसले नाहीत. म्हणाले, "हे कपडे थिएटरचे आहेत, सिस्टर. फळ्यावर काय लिहायचं ते थिएटर ठरवेल."

"मग कपडे धुऊन, इस्त्री करून गुरुवारी देते," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "तोवर नाड्या खऱ्या लिहीन. फरक सहा आला तर सहा."

मॅनेजरांनी खडू खिशात टाकला. मग त्यांनी फळा नुसताच पुसला. मनानं ते वाईट नव्हते, त्यांना फक्त रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटायची. शो सुटल्यावर वन्सं जिन्यावरून सावकाश खाली आल्या. दोन बोटांनी पहिल्या माणसाची नाडी बघितली, कार्डाशी ताडली आणि मला म्हणाल्या, "अगं, अकराचाच फरक. लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा धीट असतात."

सहाच्या सुमाराला आम्ही घरी निघालो. ऊन उतरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एका बाईनं हाक मारली, "सिस्टर, पोराचा कान दुखतोय." नेहमी वन्सं मान खाली घालायच्या, आज घातली नाही. "मी अजून सिस्टर नाही," त्या म्हणाल्या. "त्याला हॉस्पिटलात घेऊन जा. मोठ्या सिस्टरांना सांगा, सिनेमाच्या बाईनं पाठवलंय."

'अजून' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला, की मी चालता चालता त्यांच्याकडे वळून बघितलं.

"बघतेस काय?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं आहेत हातात. खिडकीवर दुपारी दोन तास मोकळी असते मी. आई काय म्हणायचं ते म्हणेल. तू मला सातवीला बसव. आणि हे बघ, मी नणंद आहे म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस. चुकले तर रागव. मोठ्यानं रागव, आईला ऐकू गेलं तरी चालेल. आणि घर यायला अजून सात मिनिटं आहेत, तोवर माझा सतराचा पाढा घे. चौथीत तिथंच अडकले होते."